रव्यापेक्षा जाड, साबुदाण्यापेक्षा बारीक

"आबा फार बारीक निघाले," दुर्वा म्हणाली.

काउंटरपलीकडच्या संग्राम धुऱ्यांना हे पटेना. त्यांचे आबा, म्हणजे माजी सभापती, हयातीत एकशे आठ किलोचे होते. त्यांना खुर्चीत बसवायला दोन माणसं लागत आणि उठवायला तीन. त्यांच्याविषयी 'बारीक' हा शब्द अख्ख्या तालुक्यात यापूर्वी कोणी वापरला नव्हता.

"म्हणजे दाणा बारीक," दुर्वानं समजावलं. "हाडांत शिसं होतं. शिसं असलं की दाणा वाढतच नाही. आम्हाला रव्यापेक्षा जाड आणि साबुदाण्यापेक्षा बारीक असा लागतो. आबांची पिठी झाली."

"पिठी?"

"मोदकाला लागते तशी. टाकीत सोडली की प्रवाहाबरोबर उडणार आणि प्रवाळांच्या तोंडावर जाऊन बसणार. त्यांचा जीव कोंडतो."

"आमच्या आबांनी आयुष्यात कुणाचा जीव कोंडला नाही!"

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं.

दुर्वानं आबांचा डबा पुढे सरकवला. डब्यावर 'क' असा लाल शिक्का होता आणि सोबत 'आपल्या आप्ताने दाखविलेल्या तयारीबद्दल आम्ही ऋणी आहोत' असं छापील पत्र होतं. संग्रामरावांनी डबा उचलला नाही. ते काउंटरवर वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, बहिणीचं लग्न ठरतंय. तिकडच्यांनी पहिला प्रश्न हाच विचारलाय, घरातली वाळू कुठल्या दर्जाची. निदान ब तरी करा."

"ब म्हणजे जाड दाणा. आबा जाड नाहीत."

"अहो, जन्मभर होते!"

पण जन्मभराचं इथं काही चालत नसे. दुर्वा कोयंडे मालवणच्या सड्यावरल्या, म्हणजे गावावरच्या कातळमाळावरल्या, प्रवाळगृहात वाळू-परीक्षक होती. माणूस हयातीत कसा होता, हे तिच्या फॉर्मात कुठंच विचारलेलं नव्हतं. विचारलेलं असे ते एवढंच, की तो वाळू म्हणून कसा आहे.

*

समुद्राचं काय झालं ते थोडक्यात सांगता येईल. दीडशे वर्षं आपण हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड तो निमूटपणे पीत राहिला आणि त्याचा हळूहळू सोडा झाला. फार नाही, जिभेला कळणारही नाही इतपत. पण शंख, शिंपले, प्रवाळ ही मंडळी आपली घरं कॅल्शियम कार्बोनेटची बांधतात आणि आंबट पाण्यात ते विरघळतं. बांधकाम चालू असतानाच भिंती वितळायला लागल्यावर प्रवाळांपुढे फारसे पर्याय नव्हते. ते मेले.

किल्ल्यामागच्या खडकावर शेवटचे त्रेचाळीस तुकडे जिवंत उरले होते. ते वर काढून सड्यावरच्या वीस हजार लिटरच्या काचेच्या टाकीत ठेवले गेले. कोकण किनाऱ्यावरचं जिवंत प्रवाळ म्हणजे आता एवढंच. पाणी समुद्रातूनच यायचं, कारण दुसरीकडून आणणार कुठून? त्या पाण्याचा आंबटपणा मारायचं काम टाकीच्या तळाशी पसरलेल्या वाळूचं.

टाकीतली वाळू शोभेसाठी असते असा एक समज आहे. शोभा करणारी वाळू वेगळी आणि काम करणारी वेगळी. काम करणारी वाळू अरॅगोनाइटची, म्हणजे प्रवाळ ज्याची हाडं बांधतं त्याच पदार्थाची लागते. पाणी आंबट झालं की ती स्वतः जराशी विरघळते आणि पाणी सावरते. शिवाय तिच्या थरांत जिवाणू राहतात. वरचे प्राणवायूवर जगतात, खालचे त्याच्याशिवाय. दोघं मिळून टाकीतली घाण फस्त करतात. दाणा फार जाड असला तर फटींत मळ साचून कुजतो. फार बारीक असला तर आबांसारखा उडतो. खाडीतली वाळू चालत नाही, कारण ती गारगोटीची. ती काही विरघळायची नाही, फक्त काचेवर तपकिरी शेवाळ आणून ठेवील. किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत लोखंड. परीक्षा सोपी: चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकायचं. फसफसली तर आपली. गप्प बसली तर परकी.

पूर्वी अशी वाळू बेटांवरून यायची. मग बेटंच यायची बंद झाली, म्हणजे दिसायची बंद झाली. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की कॅल्शियमचा एक साठा दर घरात दोन पायांवर हिंडतो आहे.

माणसाच्या राखेची वाळू करणाऱ्या यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला 'पालट' म्हणत. माणसाची राख म्हणजे मुख्यतः हाडांचं कॅल्शियम फॉस्फेट. पालटात ती आम्लात विरघळवायची, फॉस्फेट बाजूला काढायचं आणि उरलेल्या कॅल्शियममधून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. पाण्यात मॅग्नेशियम असलं की अरॅगोनाइटचे दाणे धरतात. दोन किलो माणूस आत गेला की साधारण दोन किलो वाळू बाहेर येते. घट जवळजवळ नाही. फॉस्फेट हापूसच्या कलमांना जाई आणि मोसमात घरच्यांना सहा आंबे मिळत. बहुतेक लोक ते खात. काही जण आधी नमस्कार करून खात.

टाकीला आठवड्याला पाच माणसं लागत.

माणसांचा तुटवडा नव्हता. भटजींनी हे तीर्थाइतकंच पुण्याचं असल्याचं सांगितलं, नदीत राख सोडायला बंदी आली आणि प्रवाळगृहापुढे कलशांची रांग लागली. आतल्या भिंतीवर वाळू झालेल्यांची नावं लागत. मग दर्जे आले आणि दर्ज्यांमागून अब्रू आली. 'अ दर्जासाठी नाचणी' अशा जाहिराती झळकल्या. सुना सासऱ्यांना आग्रह करकरून आंबील पाजू लागल्या आणि सासरे त्या आग्रहाकडे संशयानं बघू लागले.

एक खोड मात्र कोणाची जाईना. पवित्र पाणी दिसलं की आपल्या माणसाचा हात नाण्याकडे जातो. आता व्यवहारात नाणीच राहिली नव्हती, तर लोक देव्हाऱ्यातली जुनी घेऊन येत. टाकीवर जाळी बसवली होती. 'नाणी टाकू नयेत. प्रवाळांना इजा होते' असा फलक होता. तरी संध्याकाळी जाळीवरून दहा-बारा नाणी खरवडून काढावी लागत.

*

ते त्रेचाळीस तुकडे ज्यानं पाण्याखाली उतरून, एकेक करून, कालवणाच्या टोपात घालून वर आणले, तो दुर्वाचा बाप. रुपेश कोयंडे. मासेमारी संपल्यावर मालवणातले बाकीचे गाबीत हॉटेलांत लागले. रुपेश प्रवाळगृहाचा पाणबुड्या झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला भोकाचा पैसा. पणज्याचा, तांब्याचा, इंग्रजाच्या वेळचा. तो पैसा गळ्यात असला की दर्या माणसाला परत देतो, असं घरात मानत. आणि खरोखरच चार पिढ्यांत कोयंड्यांपैकी कोणी बुडालं नव्हतं. ते सगळे घरी, खाटेवर, सावकाश गेले होते.

"गो चेडवा," तो जेवताना दुर्वाला विचारी, "माझो दर्जो कितवो लागात?"

"आधी मर तर खरो, बाबा."

"क इलो तर माका शेवग्याच्या मुळात घाल. शेंगा तरी खाशात."

"असला अभद्र बोलू नकात," दुर्वाची आई मानसी ताटात भात वाढता वाढता म्हणे. ती हा विनोद सात वर्षं ऐकत होती आणि सात वर्षांत एकदाही हसली नव्हती.

माघातल्या एका दुपारी होडीला रंग देता देता रुपेश तिच्याच सावलीत टेकला. ब्रश वाळायच्या आत गेला.

तेराव्यानंतर मानसी स्वतः कलश घेऊन प्रवाळगृहात आली. सगळ्यांसारखी रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर काउंटरमागच्या स्वतःच्या मुलीला म्हणाली, "ह्येंनी वर आणलेली ती सगळी. ह्येंका त्येंच्याच पायाशी ठेव. दुसरा काय एक नको माका."

फॉर्मात सातवा प्रश्न होता: दहनाच्या वेळी अंगावर धातू होता का? मानसीनं 'नाही' वर खूण केली. सोनं तर तिनं काढून घेतलंच होतं.

*

चाचणीला चार दिवस लागतात. चौथ्या दिवशी दुर्वानं बापाला व्हिनेगर लावलं. बाप झकास फसफसला. दाणा बघितला: रव्यापेक्षा जाड, साबुदाण्यापेक्षा बारीक, इतका नेमका की तिनं नकळत मान डोलावली. मग धातूंचा आकडा आला.

तांबं. मर्यादेच्या एकवीस पट.

तिनं पालटाची पहिली चाळणी उघडली. दहनानंतर राखेवरून चुंबक फिरवतात, त्यात खिळे, टाचण्या, हूक निघून येतात. चुंबकाला तांबं दिसत नाही. चाळणीत एक काळा गोळा अडकला होता. अर्धा वितळलेला, पोपडे सुटलेला, मधलं भोक बुजत आलेला.

तिनं तो तळहातावर घेतला. आईनं दोरा काढला नव्हता. ती काढणार तरी कशी? नवरा समुद्रात चालला होता.

धारप मॅडम प्रवाळगृहाच्या प्रमुख. त्यांनी आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा आकडा वाचला.

"दुर्वा, मी सांगायला नको."

"नको, मॅडम."

तरी त्यांनी सांगितलं. कठीण गोष्ट बोलायची वेळ आली की त्या शिकवायला लागत. "तांब्याच्या भांड्यातलं पाणी माणसाला मानवतं. प्रवाळाला हजार लिटरमध्ये मोहरीएवढं तांबं विरघळलं तरी पुरे. आणि एकदा वाळूनं ते धरलं की सोडत नाही. थोडं थोडं परत देत राहते. मग पाणी कितीही बदला. सगळी वाळू उपसून टाकावी लागते. सगळी माणसं." त्यांनी कागद दुर्वाकडे सरकवला. "तुझे वडील नसते तर हे प्रवाळगृहच नसतं. पण तरी क."

"क," दुर्वा म्हणाली आणि शिक्का मारला. सात वर्षांत तिनं हजारावर शिक्के मारले होते. ह्या वेळी शाई जरा फिसकटली.

*

घरी मानसी ओटीवर बसून सुके बांगडे निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"काय इला गो?"

वाक्य तयार होतं. दुर्वानं ते सड्यावरून उतरताना तीनदा म्हणून पाहिलं होतं: आये, तांबा निघाला. पण त्या वाक्याच्या मागोमाग दुसरं येणार होतं, की तांबं कुठून आलं, आणि त्याच्यामागून तिसरं, की कोणी ठेवलं. आईनं एवढं एकच मागितलं होतं आणि ते तिच्याच हातानं गेलं होतं.

"अ," दुर्वा म्हणाली.

मानसीनं हात पदराला पुसले, आत जाऊन देवापुढे साखर ठेवली आणि दहा मिनिटांत वाडीतल्या अकरा घरांना ही बातमी दिली. तिच्याकडे बघून कोणाला वाटावं, नवरा दहावी पास झाला.

परत आल्यावर दुर्वानं काळा गोळा तिच्या हातावर ठेवला. कशासाठी ठेवला ते तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. बापाचं काहीतरी आईजवळ राहावं एवढंच असावं. "चाळणीत गावलो."

मानसीनं तो उलटसुलट करून पाहिला. "ह्येच्याशिवाय हे कधी दर्यात गेले नाय," ती म्हणाली.

इथं दुर्वाला अजून एकदा बोलता आलं असतं. ती बांगडे निवडू लागली.

आता अ दर्जाचा रुपेश कोयंडे कुठून तरी आणायला हवा होता. प्रवाळगृहात बेवारस क्रमांक ४१७ पडून होता. बसस्थानकावर सापडलेला, नाव-गाव काही नाही, पण वाळू अशी देखणी की बाकीच्या परीक्षकांनी येऊन पाहून जावी. बेवारसही टाकीत जात, फक्त भिंतीवर नाव लागत नसे. ४१७ला नाव नव्हतं आणि रुपेशला जागा नव्हती. दुर्वानं दोघांची सोय केली. डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायला एक मिनिट लागला. धारप मॅडम त्या आठवड्यात बैठकीसाठी मुंबईला गेल्या होत्या.

बापाचा खरा डबा तिनं घरी आणला आणि मानसी बाजारात गेलेली असताना परसातल्या शेवग्याच्या मुळाशी खड्डा काढून त्यात ओतला. "क इलास, बाबा," तिनं सांगितलं. शेवग्याखालून काही उत्तर आलं नाही. ह्या विनोदावर उत्तर न देण्याची रुपेशची ही पहिलीच वेळ.

*

वाळू सोडायच्या दिवशी जवळच्या एका नातेवाइकाला टाकीवरच्या फळीवर जाता येतं. तिथं जाळी बाजूला केलेली असते. फुलं, कुंकू, तेल काही नाही ना, हे रखवालदार तपासतो. मानसीला त्यानं तपासलं नाही. परीक्षकबाईंच्या आईला काय तपासायचं?

मानसी नवी नऊवारी नेसून फळीवर ओणवी बसली. खाली त्रेचाळीस प्रवाळ उजेडात पसरले होते. जांभळे, हिरवे, एक चक्क केशरी. त्यांच्या बोटाएवढ्या हातांची उघडझाप चाललेली. मानसी लाकडी डावानं ४१७ला हळूहळू सोडत गेली. वाळू पाण्यात शिरली, जराही न उडता, रांगोळी घालावी तशी तळाशी बसली.

"शेवटची मूठ हातान सोडतंय," ती म्हणाली.

"सोड," खालून दुर्वा म्हणाली.

मानसीनं मूठ पाण्यात कोपरापर्यंत घातली आणि उघडली. ओठ हलले. नवऱ्याशी काय बोलली कोण जाणे.

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. स्टूल घेऊन काचेच्या त्या कोपऱ्याशी बसे आणि तास-तासभर बोले. शेजारच्या भिंतीचा तंटा, गुडघा, दुर्वाचं लग्न जमत नाही ते. "तुमच्या माघारी मी तो सुरमईचो रस्सो पयल्यांदा नीट केलंय," असंही एकदा म्हणाली. दुर्वा काउंटरवरून ऐके. बसस्थानकावरच्या त्या अनोळखी माणसाला कोयंड्यांच्या घरातलं एव्हाना सगळं माहीत झालं होतं.

*

आधी गोगलगाई पडल्या. काच चाटत फिरणाऱ्या छोट्या समुद्री गोगलगाई एका सकाळी सगळ्याच्या सगळ्या तळाशी उताण्या. दुसऱ्या दिवशी प्रवाळांनी हात आत ओढून घेतले आणि पुन्हा बाहेर काढले नाहीत. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. त्याचाच रंग, त्याचंच अन्न. विष चढलं की प्रवाळ त्याला बाहेर काढतं आणि मग उपासमारीनं मरतं. केशरी तुकडा दुपारपर्यंत साबणासारखा पांढरा झाला. पाचव्या दिवशी त्रेचाळीसही पांढरे होते.

पाण्यात तांबं निघालं. पाणी बदललं. पुन्हा निघालं. धारप मॅडम टाकीपाशी उभ्या होत्या आणि शिकवत नव्हत्या.

मानसी नेहमीच्या वेळेला स्टूल घेऊन आली. बराच वेळ काचेतून बघत राहिली. तिचा चेहरा उजळला.

"बघ गो," ती म्हणाली. "कसे पांढरेशुभ्र झाले. रंग म्हणजे मळच तो. ह्येंचो पायगुण."

दुर्वानं हातातली बाटली खाली ठेवली. तिनं त्या पांढऱ्या टाकीकडे पाहिलं आणि मग आईच्या उजव्या हाताकडे, कोपरापासून बोटांपर्यंत.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर ती फळीवर चढली. नळी आणि चाळणी घेऊन त्या कोपऱ्यातली वाळू उपसली. तिसऱ्या खेपेला चाळणीत काळा खडा वाजला. गोळ्याचा निम्मा भाग उरला होता. बाकीचा पोपड्या-पोपड्यांनी सुटून वाळूत गेला होता. तिनं तो खिशात टाकला.

*

चौकशी दहा मिनिटांत आटोपली. धारप मॅडमनी दार लावून घेतलं.

"अलीकडच्या डब्यांत एक तुझ्या वडिलांचा. क चा शिक्का माझ्यासमोर मारलास. आणि भिंतीवर त्यांचं नाव अ मध्ये." त्यांचा आवाज चढला नाही. "तू त्यांची वाळू टाकलीस ना?"

खिशातला खडा मांडीला टोचत होता. नाही म्हणायचं तर तो टेबलावर ठेवावा लागला असता. मग पुढचा प्रश्न आला असता, की हा टाकीत कोणी टाकला. गावात, पेपरात, भिंतीवर नाव लागलं असतं मानसीचं. हो म्हणायचं तर ते लागणार होतं रुपेशचं. ज्यानं त्रेचाळीस वर आणले त्यानंच त्रेचाळीस मारले. एक नाव जिवंत होतं, रोज स्टूल घेऊन येत होतं. दुसऱ्याला विचारायची सोय नव्हती.

"हो," दुर्वा म्हणाली.

मॅडमनी मान हलवली. त्यांनी पुरावा मागितला नाही. मुलीनं बापासाठी नियम मोडला, ह्यावर कोणाचाही लगेच विश्वास बसतो. नियम पाळून बापाला शेवग्याखाली पुरलं, ह्यावर कोणाचा बसला असता?

वाळू उपसायचं ठरलं. अजून न विरघळलेली आठशेहून जास्त माणसं होती. ती आता कोण कुठला ते वेगळं करता येण्यासारखं नव्हतं. सगळ्यांना मिळून एकच दर्जा द्यावा लागला. त्या बातमीनं तालुक्यात चार लग्नं मोडली. संग्राम धुऱ्यांच्या बहिणीचं मात्र जमलं, कारण आबा टाकीत नव्हते.

संध्याकाळच्या बातम्यांत 'तांबे' हा शब्द सात वेळा आला. मानसी ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "तांबा खंयसून इला?"

"बाबांच्या हाडांत होता."

देव्हाऱ्यात जिथं आठवडाभर तो काळा गोळा ठेवला होता त्या रिकाम्या जागेकडे मानसीनं पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मूठ मिटली, उघडली.

"दुसऱ्याचा आपल्या आंगार घेवची सवय ह्येंची होती," ती शेवटी म्हणाली. "तुका कधी लागली?"

दुर्वानं खिशातला खडा काढून तिच्यासमोर ठेवला.

"तो पैसो नव्हतो मा पण," मानसी म्हणाली. "वितळून गोळो झाल्लो. पाटयेर नाण्यांचा लिवलेला. माका वाटला, नाणी डोक्यार पडान लागत असतीत त्येंका." तिनं उजवा हात पदरात गुंडाळला. "हे म्हणाले असते, मानशे, विचार तरी."

"माझा चुकला, आये. मी सांगाक व्हया होता." आणि आता सांगायला बसल्यावर तिनं सगळंच सांगितलं. क, चिठ्ठ्या, बसस्थानक, शेवगा.

मानसीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मगे इतके दिवस मी कोणाशी बोलत होतंय?"

"चारशे सतराशी."

"रश्श्याचा पण सांगलंय मी तेका," मानसी म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

*

नोकरी जायच्या आधी दुर्वाला एक काम उरलं होतं. दक्षिणेकडे अजून एक टाकी तग धरून होती, तिला वाळू हवी होती. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे शंभर टक्के अरॅगोनाइट, दळला तर जगात त्याच्या तोडीची वाळू नाही. "एवढं तपासून दे," धारप मॅडम म्हणाल्या. "तुझ्याएवढं कोणाला येत नाही." त्यांना ते लागेल असं बोलायचं नव्हतं. फक्त खरं होतं.

दुर्वानं फॉर्म भरायला घेतला. नाव: प्रवाळ, नग त्रेचाळीस. व्हिनेगर: फेस वाटीबाहेर आला. दाणा: रव्यापेक्षा जाड, साबुदाण्यापेक्षा बारीक. तांबं: मर्यादेच्या चौदा पट.

दर्जा: क.

क दर्जाची वाळू नातेवाइकांना परत द्यायची असते, तसा नियम आहे. नातेवाइकाचं नाव ह्या रकान्यापाशी तिचं पेन थोडं थांबलं. मग तिनं स्वतःचं नाव लिहिलं.

मानसी काउंटरपलीकडे उभी होती. रांगेत दुसरं कोणी नव्हतं. तिनं हात पुढे करून पेन घेतलं, फॉर्म आपल्याकडे वळवला आणि दुर्वाच्या नावाखाली शाळेतल्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं: मानसी रुपेश कोयंडे.

"आता ह्या सगळ्यांका खंय ठेवूचा?" तिनं विचारलं.

"शेवग्याच्या मुळात."

"जागा पुरतली?"

दुर्वानं शिक्का शाईवर दाबला.

"बाबा सरतले वायच कडेक," ती म्हणाली, आणि शिक्का मारला.